कायले चालवता एवढी सायकल?

नमस्कार श्रोतेहो.

कापूस घरात यायला लागला आणि पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटू लागली, की आपल्या भागातल्या रस्त्यांवर हल्ली काही वेगळेच प्रवासी दिसतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, सीटखाली लाल दिवा. चार-सहा सायकली अंधारातून येतात, फाट्यावरच्या टपरीसमोर थांबतात. पोहे, चहा होतो, बाटल्या भरल्या जातात, एका कार्डावर वेळ लिहिली जाते आणि मंडळी पुढे निघतात. टपरीवर बसलेला एखादा कास्तकार विचारतो, "कुठून आले जी?" "नागपूरहून." "अन् जाता कुठं?" "पांढरकवड्यापर्यंत, मग परत नागपूर." "बाप्पा! बक्षीस किती हाय?" "बक्षीस नाही काका." "मंग कायले चालवता एवढी?"

प्रश्न अगदी रास्त आहे. ज्यानं दुधाच्या कॅन लटकवून, पऱ्हाटीचा भारा बांधून, पोराला दांड्यावर आणि बायकोला कॅरियरवर बसवून उभी हयात सायकल चालवली, त्याला हौसेनं दिवसभर पॅडल मारणाऱ्यांचं नवल वाटणारच. मी खेड्यातल्या शाळेत शिकवलं, सायकल आयुष्यभर चालवली आणि या लांबच्या वाटांचा नादही मला लागला. म्हणून त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा हा प्रयत्न.

आधी ते कार्ड काय असतं ते सांगतो. ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळेत सायकलनं पुरं करायच्या या प्रकाराला आपल्याकडे सगळे बीआरएम, म्हणजे 'ब्रेव्हे दे रँडोन्यूर मोंडियो', म्हणतात. मूळ फ्रान्सचं. पॅरिसहून ब्रेस्ट गावाला जाऊन परत पॅरिस, अशी सुमारे १,२०० किलोमीटरची सायकलफेरी तिथे १८९१ साली पहिल्यांदा झाली. आता ती दर चार वर्षांनी होते आणि जगभरचे लोक तिथे जातात. तिची पूर्वपरीक्षा म्हणावी अशा या छोट्या फेऱ्या. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका हंगामात चारही पुऱ्या करणाऱ्याला सुपर रँडोन्यूर म्हणतात. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोहोचल्याची खूण त्या कार्डावर घ्यायची असते. पहिला, दुसरा असा नंबर नसतो. वेळेत आला तो पास. सोबत मदतीची गाडी चालत नाही. पंक्चर झालं तर आपलं आपण काढायचं, भूक लागली तर गावात शोधायचं.

हिशेब केला तर २०० किलोमीटरला तासाला १५ किलोमीटरही पडत नाहीत. आपली शाळकरी पोरं घाईत असली की याहून जोरात जातात. अवघड आहे ते हे, की जेवण, पाणी, पंक्चर, लघवी, झाडाखाली पाठ टेकणं हे सगळं त्याच साडेतेरा तासांत बसवावं लागतं. दम ताकदीपेक्षा सातत्याचा लागतो, आणि तो खेड्यात वाढलेल्या माणसाकडे असतो, असं माझं पक्कं मत आहे.

आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची, १२ दिवसांच्या मुदतीची 'रेस अक्रॉस अमेरिका' त्यांनी २०१७ साली एकट्यानं आणि पहिल्याच प्रयत्नात पुरी केली. पुढच्याच वर्षी रशियात मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,००० किलोमीटरहून लांब शर्यत ते पुरी करून आले. विदर्भाच्या उन्हात तयार झालेला माणूस सायबेरियाच्या पावसाथंडीत टिकला, याचा मला फार अभिमान वाटतो.

हे झालं साहसाचं. पण काकांचा "कायले?" अजून तसाच आहे. एकट्याच्या साहसाला जेव्हा दुसऱ्या कुणाचं काम जोडलं जातं, तेव्हा त्या पॅडल मारण्याला वेगळं बळ येतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० साली तीन डझनभर लोक सायकली घेऊन निघाले आणि त्यांनी कर्करोगाच्या संशोधनासाठी दहा हजार डॉलरच्या आसपास रक्कम गोळा केली. 'पॅन-मास चॅलेंज' नावाची ती फेरी दरवर्षी होत राहिली आणि आजवर तिनं जमवलेला निधी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेलाय. त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. फेरीचा खर्च ते वेगळा उभा करतात. सायकलस्वाराच्या नावानं लोकांनी दिलेला पैसा सगळाच्या सगळा संशोधनाला जातो.

पण श्रोतेहो, यासाठी अमेरिकेत कशाला जायचं? आपल्या वरोऱ्याजवळच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी १९८५ च्या डिसेंबरात 'भारत जोडो' पुकारलं. तो काळ आठवा. पंजाब धुमसत होता, आदल्याच वर्षी देशाच्या पंतप्रधानांची हत्या झाली होती, माणसं एकमेकांकडे संशयानं बघत होती. अशा वेळी सत्तरी ओलांडलेले बाबा शंभरावर तरुण-तरुणींना सोबत घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. पोरं सायकलवर. बाबांच्या पाठीच्या कण्याचा आजार असा, की त्यांना बसता येत नसे. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं पडायचं. म्हणून ते गाडीत आडवे पडून सोबत चालले. १९८८ मध्ये दुसरी फेरी निघाली, अरुणाचलातल्या इटानगरपासून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत. पूर्व टोक ते पश्चिम टोक.

बाबांनी त्या पोरांना सायकल का दिली असेल, याचा मी पुष्कळ विचार केलाय. बसनं लवकर झालं असतं, रेल्वेनं अजून लवकर. पण बसमधला माणूस गावातून जातो आणि सायकलवरचा गावात थांबतो. त्याला पाणी मागावं लागतं. अनोळखी भाषेत रस्ता विचारावा लागतो, रात्री कुणाच्या तरी ओसरीवर नाही तर शाळेच्या वऱ्हांड्यात पथारी टाकावी लागते. जो मागतो त्याच्याशी लोक बोलतात. अशी मोहीम काढण्याचा विचार विदर्भाच्या मातीत चाळीस वर्षांपूर्वी रुजलाय, हे आपल्या पोरांना आपण सांगायला पाहिजे.

आता आपल्या गावाकडे येऊ. शहरातली मंडळी आपल्या रस्त्यानं जातात, त्यांच्या मोहिमेचा पैसा कुठल्या तरी मोठ्या संस्थेला जातो. चांगलंच आहे. पण गावातून गावासाठी अशी मोहीम का निघू नये? काम शोधायला लांब जावं लागत नाही.

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही सोय आहे. या सायकलींनी किती मुलींची शाळा टिकली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण सायकल म्हटली की झीज आली. आमच्या शाळेजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात सकाळी दहाला उभं राहून पाहा. दफ्तर पाठीवर घेऊन मुलगी उभी. दुकानदार सायकल उलटी करतो, पट्टीनं टायर उचकून ट्यूब ओढतो, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात बोटाबोटानं फिरवतो. एका जागी बुडबुडे. तिथे कानस घासतो, सोल्युशन लावून फुंकर मारतो, तुकडा चिकटवून ठोकतो. मग टायरच्या आतून हळूच बोटं फिरवतो आणि बाभळीचा काटा काढून तिच्या हातावर ठेवतो. म्हणतो, "बाई, ही ट्यूब आता चिकटवायच्या लायकीची नाई राहिली. टायरही घासला. बाबाले सांग." मुलगी मान हलवते. ती बाबांना सांगणार नाही, हे त्यालाही कळतं आणि मलाही. सोयाबीनचे पैसे यायचे आहेत, घरात दहा गोष्टी अडल्यात. मग कधीतरी ती सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकते, आणि मुलगी आधी पहिल्या तासाला उशिरा येते, मग येईनाशी होते.

एका सायकलीची दोन्ही ट्यूब-टायर बदलायला आमच्याकडे साधारण हजार रुपये लागतात. आता हिशेब मांडा. गावातल्या आणि गावाबाहेर नोकरीला गेलेल्या पन्नास जणांनी एका सायकलस्वारामागे किलोमीटरला दोन रुपये द्यायचं कबूल केलं आणि त्यानं २०० किलोमीटर पुरे केले, तर २०,००० रुपये जमतात. वीस मुलींच्या सायकली रस्त्यावर येतात. चार पोरं निघाली, तर तालुक्यातल्या अर्ध्या शाळांना पुरेल. किलोमीटरला पैसे ठरवण्याची ही पद्धत मला फार आवडते. देणाऱ्याला ओझं होत नाही आणि चालवणाऱ्याला शेवटचे चाळीस किलोमीटर सोडवत नाहीत. मांड्या भरून येतात, तळहात बधिर होतात, थांबावंसं वाटतं. आणि आठवतं, की इथे थांबलो तर चार मुलींच्या चाकांत हवा राहणार नाही.

मात्र पैशाचा व्यवहार आरशासारखा स्वच्छ पाहिजे. गाडगेबाबांची ही भूमी आहे. बाबांनी लोकांकडून मागून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः मात्र शेवटपर्यंत चिंध्यांत राहिले, झाडाखाली झोपले. सायकलस्वारानं आपला चहा, आपलं जेवण, आपलं टायर आपल्या खिशातून करावं. दान थेट नोंदणीकृत संस्थेच्या किंवा शाळेच्या खात्यात जावं, कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर नको. संस्थेकडे '८०जी'ची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीनं आयकर भरणाऱ्या देणगीदाराला सवलतही मिळते. त्यासाठी २,००० रुपयांच्या वरची देणगी रोखीनं देऊ नये. टी-शर्ट, बॅनर, हारतुरे यांवर निम्मा पैसा उडवणाऱ्या फेऱ्याही निघतात. मला त्या बघवत नाहीत.

तयारीबद्दल थोडं, कारण नुसत्या उत्साहानं गुडघे जातात. आधी सीट नीट करा. पॅडल सगळ्यांत खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ झाला पाहिजे. आपल्याकडे नव्वद टक्के सायकलींची सीट खाली असते असं मला वाटतं, आणि गुडघेदुखीचं मूळ तिथेच असतं. पहिल्या आठवड्यात ३० किलोमीटरपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी घ्या, तासाला अर्धा ते पाऊण लिटर. ऊन असेल तर त्यात मीठ-साखर-लिंबू. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर अंगातलं मीठ उतरतं आणि गरगरतं. दर तासाला काहीतरी पोटात गेलं पाहिजे. महागड्या पाकिटांची गरज नाही. केळी, गूळ-शेंगदाणे, रात्रीची पोळी गूळ लावून गुंडाळलेली, एवढ्यावर माणूस दिवस काढतो. आणि मार्च ते जून असलं काही करू नका. चंद्रपूर, ब्रम्हपुरीचा पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे जिद्द दाखवायला जाऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले महिने.

त्याच महिन्यांत रस्त्यावर कापूस असतो, हे मात्र लक्षात ठेवा. जिनिंगकडे निघालेले ट्रॅक्टर, मागे डोंगराएवढी ट्रॉली, आणि ट्रॉलीला दिवा नाही. बैलबंडीचीही तीच गत. रात्री मागून येणाऱ्याला ती हातभर अंतरावर आल्याशिवाय दिसत नाही. सायकलस्वारच कशाला, मोटारसायकलवाली किती तरुण पोरं अशी धडकून गेलीत. तेव्हा अंधारात चालवायचं असेल तर पुढे पांढरा दिवा, मागे लाल, अंगावर रेडियमची पट्टी, हे ठरलेलं. आणि एक सुचवतो. प्रत्येक सायकलस्वारानं रेडियमचा एक रोल पिशवीत ठेवावा. वाटेत जी बंडी, जी ट्रॉली उभी दिसेल, तिच्या मालकाला विचारून मागच्या फळीवर दोन पट्ट्या चिकटवाव्यात. दोन मिनिटांचं काम आहे. मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यातला एकही कास्तकार नाही म्हणाला नाही. उलट वावरातल्या तुरीच्या शेंगा दिल्या.

मुलींबद्दल बोलायचं राहू नये. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विशीच्या उंबरठ्यावर, २०१८ साली, सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणा केली, २९,००० किलोमीटरच्या घरात. 'भारत जोडो'तही मुली होत्या. गावातून निघणाऱ्या मोहिमेत मुली असाव्यातच, आणि त्यांच्यासाठी मुक्कामाची आणि शौचालयाची सोय आधी ठरवावी. ही सोय नसते म्हणून कितीजणी घरी राहतात. आशाताई, अंगणवाडीताई, शाळेतल्या बाई, यांना एक फोन केला तर प्रत्येक गावात दार उघडतं.

सुरुवात करायची असेल तर सेवाग्राम ते आनंदवन हा मार्ग पाहा. हिवाळ्यातल्या एका दिवसात जमण्याजोगा आहे आणि दोन्ही टोकांना पोरांना पाहण्यासारखं, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मुख्य महामार्ग टाळून गावातले रस्ते घ्या. निघण्याआधी पोलीस ठाण्यात एक पत्र द्या, १०८ नंबर सगळ्यांना पाठ असू द्या, एक जास्तीची ट्यूब आणि पंप प्रत्येक दोघांत एक ठेवा. आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत किती किलोमीटर झाले, कुणी किती दिले, कुठल्या सायकलीला काय बसवलं, याचा कागद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

नमस्कार.