माजी माजी: कापसावरून पेटलेलं युद्ध

(पडद्यावर: दक्षिण टांझानियातल्या टेकड्या)

जुलै १९०५. माटुंबी टेकड्यांतल्या नांडेटे गावची काही माणसं सरकारी शेतात शिरली आणि त्यांनी कापसाची रोपं उपटून फेकली. जर्मन राजवटीविरुद्धच्या 'माजी माजी' युद्धाची ती घोषणा होती.

कापूसच का? जर्मन गव्हर्नर ग्योट्झेनने गावोगावी कापसाची सामाईक शेतं सक्तीने लावायला घेतली होती. कागदावर माणशी वर्षाला २८ दिवसांचं काम. पण कापसाची राखण करता करता घरचं पीक रानडुकरं फस्त करायची. अंगचोरी केली की 'किबोको', म्हणजे पाणघोड्याच्या कातड्याचा आसूड. मोबदला इतका तुटपुंजा, की काहींनी तो घेतलाच नाही. वर कर भरायचा तो रुपयांत. हो, रुपयांतच. भारतीय रुपया त्या किनाऱ्यावर आधीपासून चालत होता, म्हणून जर्मनांनीही तेच नाव उचललं. छाप मात्र कैसरची.

(पडद्यावर: नदीचा डोह)

या उठावाला बळ देणारा मांत्रिक किंजिकिटिले न्ग्वाले. त्याची गोष्ट लोक सांगतात ती अशी. १९०४ साली न्गारांबे इथे तो डोहात गडप झाला. नातलगांनी बुड्या मारून शोधलं, पण पत्ता लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो वर आला, तर अंगावरचे कपडे कोरडे ठणठणीत! आणि बोलू लागला ते अंगात आल्यासारखं. त्याने लोकांना 'माजी' दिलं. स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी, त्यात एरंडेल आणि भरडधान्याचे दाणे. थोडं प्यायचं, थोडं अंगावर शिंपडायचं. मग गोऱ्यांच्या गोळीचंही पाणी होणार.

४ ऑगस्ट १९०५ रोजी जर्मनांनी त्याला फासावर चढवलं. पण पाणी तोवर दूरवर पोचलं होतं. महिनाअखेरीस हजारो लोक महेंगेच्या जर्मन ठाण्यावर चालून गेले, आणि मशीनगनने त्यांची अक्षरशः कापणी केली.

इथवर ऐकून 'बिचारे भोळे लोक' म्हणायचा मोह होतो. ग्योट्झेनलाही तेच हवं होतं. खापर मांत्रिकांवर फोडलं की कापसाबद्दल आणि आसूडाबद्दल कोण विचारतो? वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या, एकेकाळी एकमेकांवर हल्ले करणाऱ्या वीसेक जमाती त्या पाण्याच्या शपथेवर एक झाल्या होत्या. आणि महेंगेत पाणी फोल ठरल्यावर सगळे घरी परतले का? नाही. गनिमी काव्याने लढाई १९०७ पर्यंत चालली.

तेव्हा सैन्याने पिकं, कोठारं, गावं जाळायला काढली. गोळीपेक्षा कितीतरी जास्त माणसं भुकेने गेली. जर्मनांचा आकडा ७५ हजारांचा. पुढच्या इतिहासकारांनी तो अडीच-तीन लाखांपर्यंत नेला.

(पडद्यावर: सोंगेआ, माजी माजी संग्रहालय)

सोंगेआत २७ फेब्रुवारी १९०६ रोजी न्गोनी जमातीच्या सरदारांना आणि योद्ध्यांना सामुदायिक फाशी झाली. पुढे न्गोनींचा सरदार सोंगेआ म्बानो यालाही फासावर दिलं. शहराचं नाव त्याच्यावरूनच पडलंय. त्याचं शिर कापून जर्मनीला नेलं, असं त्याचे वंशज सांगत आले आहेत.

तिथून आणखीही हाडं गेली. १९०९ ते १९१३ या काळात लिंडीजवळच्या तेंडागुरूत, युद्धाने उजाड केलेल्या त्याच मुलखात, जर्मनांनी डायनासोरचे जीवाश्म खणले. स्थानिक हमालांनी ते डोक्या-खांद्यावरून बंदरापर्यंत वाहिले. त्यातला एक सांगाडा आज बर्लिनच्या संग्रहालयात उभा आहे, १३ मीटरहून उंच. त्याच्या हाडांचा हिशेब चोख ठेवलाय.

१९५६ मध्ये टांझानियाचे पुढचे राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी संयुक्त राष्ट्रांत स्वातंत्र्याची बाजू मांडताना या उठावाचा दाखला दिला. १९६८ मध्ये दार-एस-सलामच्या विद्यापीठाचे विद्यार्थी खेडोपाडी जाऊन, हे युद्ध पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ते उतरवून घेऊ लागले. डोहाची गोष्ट आपल्याला मिळाली ती अशाच आठवणींतून.

जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर १ नोव्हेंबर २०२३ रोजी सोंगेआत आले. म्बानोच्या वंशजांसमोर त्यांनी क्षमा मागितली आणि शिराचा शोध घेऊ असं सांगितलं. ते सापडेलच, असा शब्द मात्र त्यांना देता आला नाही.