सेलच्या आधी चार्जर

श्रोतेहो, नमस्कार.

रिचार्जेबल सेल आणले, काही महिने बरे चालले, मग दर दोन दिवसांनी चार्जिंगला लावायची वेळ आली आणि शेवटी ते खणात जाऊन पडले. ही तक्रार पुष्कळांच्या तोंडून ऐकू येते. त्यावरचा निष्कर्षही ठरलेला असतो : हे सेल टिकत नाहीत, साधेच बरे. माझं म्हणणं असं की यातल्या बहुतेक सेलचं आयुष्य चार्जरने संपवलेलं असतं. सेल घेताना आपण वेष्टणावरचे आकडे निरखून वाचतो, आणि चार्जर मात्र सोबत मिळेल तो किंवा सगळ्यात स्वस्त तो उचलतो. हा क्रम उलटा करा, एवढंच सांगायला मी आज आलो आहे. पण चार्जरकडे जाण्याआधी सेलची ओळख हवी.

रिमोट, माऊस, टॉर्च, खेळणी, छोटा रेडिओ यांत लागणारे पेन्सिल सेल दोन आकारांचे : डबल ए आणि त्याहून बारीक ट्रिपल ए. दिसायला सगळे सारखे, पण पोटातलं रसायन वेगळं. ते ओळखायची खूण सेलवरच बारीक अक्षरांत छापलेली असते. डबल ए आकारात साध्या झिंक-कार्बन सेलवर 'आर ६' असतं, अल्कलाईनवर 'एलआर ६', आणि निकेल-मेटल हायड्राइड जातीच्या रिचार्जेबल सेलवर 'एचआर ६'. यातला फक्त 'एचआर'वालाच निकेलच्या चार्जरमध्ये जायचा. साधा अल्कलाईन सेल तिथे चुकून बसवला, तर तो गळतो, फुगतो, प्रसंगी फुटतोही. घरात दोन्ही प्रकार असतील तर त्यांचे डबे वेगळे ठेवा. मुलांनाही ती अक्षरं ओळखायला शिकवा.

'केआर' असं लिहिलेला सेल सापडला तर तो निकेल-कॅडमियमचा. ही जात फार जुनी. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी ती १८९९ मध्ये तयार केली. अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केल्यावर सेलची ताकद घटते, तो आधी पूर्ण उतरवावा लागतो, हा समज याच जातीपासून आला. आजच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलला तो नियम लावायचं कारण नाही. अर्धा उतरलेला सेल खुशाल चार्जिंगला लावा. उलट मुद्दाम पार रिकामा करत बसलात तर त्याचं नुकसानच होतं.

मेटल हायड्राइड सेलचीही एक खोड होती. भरून ठेवलेला सेल नुसता पडून उतरायचा, महिन्याभरात वीस-तीस टक्के सहज. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीने 'एनेलूप' नावाने असे सेल आणले की जे वर्षभर पडून राहिले तरी बराचसा भार धरून ठेवतात. आता अनेक कंपन्या तसे सेल बनवतात. वेष्टणावर 'लो सेल्फ डिस्चार्ज', 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' असे शब्द दिसतात. घरासाठी डोळे झाकून हेच घ्या.

आता आकड्यांबद्दल. डबल ए सेलवर २०००, २५०० असे आकडे असतात. ते मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. पडून फारसा न उतरणाऱ्या या सेलमध्ये हा आकडा साधारण १९०० ते २०००, आणि ट्रिपल एमध्ये ७५० ते ८००. यापेक्षा मोठ्या क्षमतेचे सेल मिळतात, पण त्याच नळकांड्यात जास्त माल कोंबल्यामुळे ते सहसा कमी वेळा चार्ज होतात आणि लवकर थकतात. मी स्वतः २०००चाच घेतो. आणि एखाद्या निकेलच्या डबल ए सेलवर ३५०० किंवा ४००० लिहिलेलं दिसलं, तर तो तिथेच ठेवा. त्या आकारात तेवढं मावतच नाही. मोठ्या टॉर्चच्या डी आकाराच्या सेलमध्येही अशी फसवणूक असते. खरा डी सेल ८००० ते १०,००० मिलिअँपिअर-तासांचा आणि हाताला चांगला जड लागतो. २५०० लिहिलेला हलका डी सेल म्हणजे मोठ्या कवचात बसवलेला पेन्सिल सेल समजा.

व्होल्टेजची शंकाही नेहमी येते. साधा सेल दीड व्होल्टचा आणि हा १.२चा, मग उपकरण चालेल का? बहुतेक ठिकाणी उत्तम चालतं. अल्कलाईन सेल दीड व्होल्टवर फार काळ राहत नाही. वापराबरोबर तो उतरत उतरत एकपर्यंत आणि त्याखालीही जातो, आणि उपकरणं हे धरूनच बनवलेली असतात. निकेलचा सेल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२च्या आसपास टिकून राहतो आणि मग झपकन खाली येतो. त्यामुळे उपकरणावरचं बॅटरीचं चिन्ह फसतं. ते अल्कलाईनच्या हिशेबाने केलेलं असल्यामुळे भरलेला सेलही अर्धा दाखवतं. तिकडे लक्ष देऊ नका. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारख्या जास्त प्रवाह ओढणाऱ्या वस्तूत तर निकेलचाच सेल सरस ठरतो, कारण त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, कमी असतो. अल्कलाईन सेल अशा ठिकाणी आपल्या क्षमतेचा मोठा भाग देऊच शकत नाही.

आता चार्जर. सेल भरत आला की आत जाणारी वीज साठायची थांबते आणि तिची उष्णता होऊ लागते. त्याच क्षणी चार्जर थांबला पाहिजे. थांबला नाही तर सेल तापतो, आत वायूचा दाब वाढतो, सुरक्षा-झडप उघडून द्रव्य बाहेर पडतं, आतला ओलावा कमी होतो आणि अंतर्गत रोध चढतो. सेल एकदम मरत नाही. फक्त प्रत्येक वेळी थोडा अधिक अशक्त होतो. चार्जर भरल्याचा दिवा दाखवतो, आणि उपकरणात घातला की सेल दहा मिनिटांत मान टाकतो. तुमच्या खणातले सेल असेच गेले असण्याची शक्यता मोठी आहे.

चांगल्या चार्जरला हा क्षण कळतो. सेल भरला की त्याचं चढत गेलेलं व्होल्टेज किंचित खाली येतं, अगदी काही मिलिव्होल्ट, आणि चार्जर ती घसरण पकडतो. शिवाय तो तापमान पाहतो आणि खबरदारी म्हणून वेळेची मर्यादाही ठेवतो. स्वस्त चार्जर यातलं काहीच करत नाही. प्लगमध्ये आहे तोवर ढकलत राहतो. त्याचा प्रवाह कमी असेल, म्हणजे २००० क्षमतेच्या सेलला २०० मिलिअँपिअर, तर चौदा ते सोळा तासांत सेल भरतो आणि थोडंफार जास्त झालं तरी सोसतो. पण तुम्ही तो दोन दिवस विसरलात, किंवा त्याच खाचेत छोटा ट्रिपल ए लावलात, तर तेच २०० मिलिअँपिअर त्याला कितीतरी जड जातात.

दुकानात हे कसं ओळखायचं? एक सोपी परीक्षा आहे. विचारा, यात एकच सेल लावला तर चालेल का? तीन लावले तर? 'नाही, दोन किंवा चारच लावायचे' असं उत्तर आलं, तर तो चार्जर सेलची जोडी एकत्र चार्ज करतो. जोडीतला एक अर्धा भरलेला आणि एक रिकामा असला, तर पहिला भरून तापत राहतो आणि दुसरा अर्धाच राहतो. प्रत्येक खाचेला स्वतंत्र दिवा किंवा आकडा असलेला, एकटा सेलही घेणारा चार्जर शोधा. वेष्टणावर 'डेल्टा व्ही' हे शब्द, म्हणजे व्होल्टेजची तीच घसरण पकडण्याची सोय, असेल तर आणखी चांगलं. घाई मात्र करू नका. पंधरा मिनिटांत भरून देणारे चार्जर सेलला भाजून काढतात. २००० क्षमतेच्या सेलसाठी ५०० ते १००० मिलिअँपिअर हा मला योग्य वाटणारा वेग. म्हणजे साधारण अडीच ते पाच तास. शेवटी सेल हाताला कोमट लागला तर ठीक, धरवत नसेल इतका तापला तर चार्जर बदला. विजेच्या खर्चाची काळजी नको. चार डबल ए सेल भरायला चार्जरमधला व्यय धरून साधारण वीस वॉट-तास लागतात, म्हणजे एका युनिटात असे पन्नासेक संच भरतील.

वापरतानाचा एकच नियम मी कटाक्षाने पाळतो. एकत्र घेतलेले चार सेल एकत्रच वापरतो आणि एकत्रच चार्ज करतो. त्यांच्यावर मार्करने एकच अक्षर लिहून ठेवतो. नवा आणि जुना सेल एका उपकरणात घातले, की जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहतो, त्यामुळे जुन्याचे ध्रुव उलटतात. अशी उलटी ध्रुवता एकदा झाली तरी सेलला कायमची इजा होते. टॉर्च विझत आली तरी तशीच चालू ठेवली की हेच घडतं.

सगळीकडे मात्र रिचार्जेबल सेल घालू नका. भिंतीवरचं घड्याळ इतकं कमी ओढतं की तिथे साधा सेलच बरा. धुराची सूचना देणाऱ्या यंत्रात उत्पादकाने सांगितलेलाच प्रकार वापरा.

हल्ली दीड व्होल्टचे लिथियम-आयन पेन्सिल सेलही मिळतात, काहींना यूएसबीचं तोंडही असतं. आत मूळ सेल ३.७ व्होल्टचा असतो आणि एक छोटं सर्किट ते दीडवर आणतं. ज्यांना पूर्ण दीड व्होल्टच लागतात अशा उपकरणांसाठी ते सोयीचे, पण संपताना सूचना न देता बंद पडतात, आणि त्यांना त्यांचाच चार्जर लागतो. तुम्ही आत्ता हे भाषण ज्यावर ऐकताय त्या रेडिओत ते घातलेत, तर मीडियम वेव्हवर खरखर वाढू शकते, कारण आतलं सर्किट सतत उघडझाप करत असतं. रेडिओला निकेलचाच सेल द्या. आणि '१४५००' छापलेला, डबल ए आकाराचाच पण सरळ ३.७ व्होल्ट देणारा सेल साध्या उपकरणात कधीही घालू नका. उपकरण जळेल.

बरेच महिने पडून राहिलेले सेल पहिल्या चार्जिंगला कमी भरतात. दोन-तीनदा वापरून चार्ज करा, बहुधा पुन्हा उभारी घेतात. त्यानंतरही लगेच उतरत असतील, किंवा चार्जरच नाकारत असेल, तर त्यांचा पाठलाग सोडा. कचऱ्यात टाकू नका, जाळू तर नकाच. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्या, विशेषतः 'केआर'वाले, कारण कॅडमियम विषारी आहे. लिथियमचे असतील तर देण्याआधी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, म्हणजे डब्यात एकमेकांना टेकून ठिणगी पडणार नाही.

धन्यवाद, नमस्कार.