वाडी गुंठ्यांत, मदत हेक्टरात

श्रीवर्धन तालुक्यातली ही आप्पांची नारळ-सुपारीची वाडी. ३ जून २०२०ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्याला लागलं. माड मुळासकट आले, पोफळी कमरेतून मोडल्या. वादळाला थोडेच दिवस झालेत, बुंधा अजून ओला आहे, बघा.

श्रीवर्धनचा रोठा म्हणून बाजारात जी सुपारी मागतात, ती अशाच वाड्यांमधली. वर माड, त्याच्या सावलीत पोफळी, खाली जायफळ, खोडाला चढवलेली मिरवेल. म्हणजे एकाच गुंठ्यात तीन मजले. सरकारी मोजणीला त्यातला तळमजलाच दिसतो.

आज पंचनामा आहे. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, तिघेही आलेत. तिघांच्याही तोंडाला मास्क.

"भाऊसाहेब, पोफळी मोजायच्या ना?"

"आप्पा, रकान्यात क्षेत्र मागितलंय."

मग सातबारा निघतो, प्लास्टिकच्या पिशवीतून. त्यावर आजोबांच्या चारही भावांचे वारस. निम्मे मुंबईत, लॉकडाउनमध्ये अडकलेले, आणि संमतीपत्रावर सही सगळ्यांची हवी. बँक पासबुकाची झेरॉक्स जोडायची, तर गावात वीज नाही. मोबाइलला रेंज आहे ती फक्त त्या वरच्या वळणावर. ही रांग दुकानाची नाही, रेंजची आहे.

वादळानंतर दोन दिवसांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला आले, रायगडसाठी १०० कोटींची तातडीची मदत जाहीर झाली. पुढे फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेली, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. वाढ चांगली होती, ती नाकारायचं कारण नाही. पण इथं हेक्टर आहे कोणाकडे? हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. आडवी झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात सुटत नाही. म्हणून बागायतदार एकच मागत होते, जमीन नको, झाडं मोजा.

नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं, माडाला त्याहून जास्त. तोवर वाडीचं उत्पन्न बंद.

टेप वाडीच्या कडेकडेनं निघालीय. कृषी सहायक आकडा सांगतात, तलाठी लिहून घेतात. आप्पा त्यांच्या मागून चाललेत, प्रत्येक बुंध्याला हात लावत. त्यांची मोजणी वेगळी चाललीय.

"...एकशे बारा, एकशे तेरा..."