वांग, काळे डाग आणि वनस्पतींमधले घटक

नमस्कार श्रोतेहो. चेहऱ्यावरचे वांग किंवा मुरमं गेल्यावर मागे राहिलेले काळे डाग, यांवर वनस्पतींमधले कोणते घटक खरोखर उपयोगी पडतात, त्याबद्दल आज बोलायचं आहे. त्वचेचा मूळ रंग बदलण्याचा हा विषय नाही. तो बदलायची गरजही नाही.

आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य ज्या पेशी बनवतात, त्यांच्यात टायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. या विकराला आवर घातला की रंगद्रव्य कमी बनतं. ज्येष्ठमधाच्या मुळातलं ग्लॅब्रिडिन हेच करतं, शिवाय दाहही कमी करतं. म्हणून मुरमांच्या डागांसाठी आधी त्याचा विचार करावा. पण ग्लॅब्रिडिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. घरी ज्येष्ठमधाची पूड पाण्यात कालवून लावली, तर ते मुळाच्या तंतूंतच अडकून राहतं. त्यापेक्षा अर्क घातलेलं क्रीम घ्या. सोयाबीनची वाट वेगळी आहे. तयार झालेलं मेलॅनिन शेजारच्या पेशींत जाण्यापासून त्यातली काही प्रथिनं रोखतात, मात्र सोयाबीन उकळलं की ती निकामी होतात.

लिंबू चेहऱ्यावर मुळीच चोळू नका. त्याचा रस तीव्र आम्ल असतो, आणि सालीतल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते. फोड येतात आणि नंतर जो डाग पडतो तो मूळच्या डागापेक्षा गडद असतो, कित्येक महिने जात नाही.

वनस्पतींमध्ये सापडतं म्हणजे निर्धोक, असंही नाही. जपानमध्ये रोडोडेंड्रॉल नावाचा घटक असलेली क्रीमं 2013 मध्ये बाजारातून परत घ्यावी लागली. हजारो लोकांच्या चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर पांढरे चट्टे उमटले होते. टायरोसिनेज या घटकाचं विषारी द्रव्यात रूपांतर करत होतं आणि रंग बनवणाऱ्या पेशीच मरत होत्या. म्हणून कोणतंही क्रीम लावताना आजूबाजूच्या त्वचेपेक्षा फिकट ठिपका दिसला, तर त्याच दिवशी ते बंद करा. आठवड्याभरात फरक दाखवणाऱ्या ‘हर्बल’ क्रीमवर तर विश्वास ठेवूच नका. अशा क्रीममध्ये पारा किंवा स्टेरॉइड सापडल्याचे प्रकार अनेक देशांत घडले आहेत.

नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. खाज, लाली आली नाही तर रात्री एकदा, डागावर पातळ थर द्या. एका वेळी एकच घटक वापरा, नाहीतर आग कशामुळे झाली ते कळत नाही. आणि त्या आगीमुळेच नवा डाग पडतो. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. चार आठवड्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढून ताडून पाहा.

सनस्क्रीनशिवाय मात्र ही सगळी मेहनत पाण्यात जाते. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, एसपीएफ 30 किंवा जास्त, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या, कारण नुसत्या दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतात आणि साधं सनस्क्रीन तो पुरेसा अडवत नाही.

डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या झाल्यात किंवा त्यातून रक्त येतंय, असं असेल तर त्यावर काहीही लावू नका. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.