बारदानावरची लोकर

पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याच्या ओसरीवर सकाळच्या उन्हात चिंध्यांचा ढीग ओतलेला आहे. त्यात शिंप्याकडून आणलेले कोटाच्या कापडाचे तुकडे आहेत, कोपरांवर विरलेला एक ब्लेझर आहे, एका बाजूने कसर लागलेली शाल आहे आणि तळाशी आजेसासूबाईंची, सोवळ्यात नेसायची लोकरीची तांबडी धाबळी आहे. एरवी या ढिगाकडे कोणी वळून पाहिले नसते, कारण गोधडीला लागतात ती धुऊन धुऊन मऊ झालेली सुती लुगडी आणि धोतरे. त्यांत लोकर घातली, तर टाका नीट बसतो. पण पहिल्याच धुण्यात लोकरीचा थर आटतो, सुताचा आटत नाही आणि सगळी गोधडी आक्रसते. लोकरीच्या चिंध्यांना म्हणूनच वेगळी रीत लागते.

पहिले काम निवडीचे आहे आणि तेच सर्वांत किचकट आहे. कोटाचे कापड म्हणून आज जे मिळते, त्यात बरेचदा टेरिवूल, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेली लोकर असते किंवा निव्वळ पॉलिएस्टर असते, आणि नुसत्या स्पर्शावरून फरक कळेलच असे नाही. या घरातल्या सूनबाई प्रत्येक तुकड्याचे चार धागे उसवून चिमट्यात धरतात आणि त्यांना काडी लावतात. लोकर जळताना जळक्या केसांचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती आपोआप विझते आणि मागे राहिलेली काळी राख बोटांत चुरडते; पॉलिएस्टर मात्र वितळून त्याचा टणक मणी होतो. तासाभराने ढिगाचा निम्म्याहून अधिक भाग बाजूला पडलेला असतो.

उरलेल्या लोकरीला आता ते सगळे सोसावे लागते, ज्यापासून आपण स्वेटर जपतो, म्हणजे कढत पाणी, साबण आणि भरपूर चोळणे. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, कापड आटून दाट होते आणि कात्री चालवल्यावर कडेचे धागे सहसा सुटत नाहीत. सुताला हा गुण नाही, आणि पुढचे सारे काम याच गुणावर उभे आहे.

धुऊन वाळवलेल्या कापडाच्या पट्ट्या उभ्या धाग्याला धरूनच कापायच्या, कारण तिरप्या कापलेल्या पट्ट्या ओढल्या की ताणतात. पहिली रीत वेणीची, म्हणजे पट्ट्यांची वेणी गुंडाळून बसायची बैठक करण्याची आहे. तिच्यासाठी पट्ट्या दीड ते दोन इंच रुंद लागतात. दोन टोके तिरपी जोडायची म्हणजे जोडाची गाठ एका जागी फुगत नाही, आणि कडा आत दुमडत तिपेडी वेणी घालत जायचे. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी लंबगोल बैठक हवी असेल, तर लांबी-रुंदीतला फरक, म्हणजे एक फूट, ही मधल्या सरळ वेणीची लांबी होय. पुढे तिच्याभोवती वेणी गुंडाळत न्यायची आणि शेजारचे वेढे बोथट सुईने, कापडाला भोक न पाडता, वेणीच्या पेडांमधून जाड दोरा ओवून बांधायचे.

खरी परीक्षा वळणावर असते. बाहेरचा वेढा आतल्यापेक्षा लांब असल्यामुळे वळणावर बाहेरच्या वेणीचा एखादा पेड मधूनमधून सोडून पुढे जावे लागते. सूनबाईंनी पहिल्या खेपेला तसे केले नाही, आणि पाचव्या वेढ्याला त्यांची बैठक परातीसारखी कडेने वर उठली. दोन वेढे उसवावे लागले. त्यानंतर त्यांनी पेड जरा जास्तच सोडले, तेव्हा कडेला झालर पडली. आता त्या दर वेढ्याला काम मांडीवरून उचलून शहाबादी फरशीवर ठेवतात आणि तळव्याने दाबून पाहतात.

दुसरी रीत बारदानावर गालिचा भरण्याची आहे. कांद्याची जाळीदार गोणी येथे कामाची नाही, कारण तिच्या विरळ विणीत काहीच टिकत नाही. धान्याचे घट्ट बारदानच लागते. ते लाकडी चौकटीवर ताणून बसवतात, पाव इंची पट्टी डाव्या हाताने खाली धरतात आणि वरून आकडेदार टोकाची आरी घालून तिचा फास वर ओढून घेतात, पट्टी जेवढी रुंद तेवढाच उंच. येथे गाठ कोठेही नसते. फासे एकमेकांना आणि बारदानाच्या धाग्यांना दाबून धरतात, एवढाच त्यांचा आधार असतो. असा गालिचा लोकर फार खातो. जेवढी जागा भरायची, तिच्या चौपट-पाचपट कापड लागते.

ही रीत नाशिकची नव्हे. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिकेतल्या मेन राज्यात आणि कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घरांत रुजली. लांब हिवाळ्यात तेथील बायका जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या रिकाम्या पोत्यांवर ओढत असत, आणि ती पोती होती तागाची. बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांत जात होता. पुढे १८५५ मध्ये हुगळीकाठी रिश्रा येथे तागाची गिरणी सुरू झाली. त्या परदेशी गालिचांखालचा ताग असा मूळचा आपल्याकडचाच होता, ही गोष्ट ओसरीवर ऐकवली, तेव्हा सासूबाईंना तिचे फारसे नवल वाटले नाही.

त्यांचा प्रश्न वेगळाच होता. धाबळीच्या तांबड्या पट्ट्यांनी सूनबाईंनी देवघरासाठी आसन भरले आहे. लोकर सोवळ्याला चालते, हे सर्वांना मान्य आहे. पण खालच्या बारदानाचे काय, यावर घरात अद्याप एकमत झालेले नाही. तोवर कड दुमडून शिवलेले ते आसन, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, फडताळात ठेवलेले आहे.