हिरवं वर्तुळ: विमान नेमकं कुठे चाललंय?

[दृश्य: कॉकपिटची पुढची काच. बाहेर सगळं पांढरं. वायपर चालू.]

निवेदन:

विमान जमिनीपासून 200 फुटांवर आलंय आणि धावपट्टी अजून दिसत नाहीये. वेग 140 नॉट, म्हणजे ताशी 260 किलोमीटरच्या आसपास. याच उतारानं येत राहिलं, तर चाकं टेकायला उरलेत जेमतेम 16 सेकंद. नेहमीच्या पद्धतीनं उपकरणांवर उतरणाऱ्या वैमानिकाला याच उंचीवर ठरवावं लागतं. दिवे दिसले तर उतरायचं. नाही दिसले तर इंजिनांना जोर देऊन पुन्हा वर जायचं.

या वेळात त्याच्या डोळ्यांची किती ओढाताण होते बघा. वेग, उंची, उतरण्याचा दर हे सगळं खाली पॅनलवर, हातभर अंतरावर. धावपट्टी बाहेर, धुक्यात कुठेतरी. मान खाली, मान वर. आतल्या उजेडातून बाहेरच्या पांढुरक्यात. दरवेळी डोळ्याला नव्यानं फोकस जुळवावा लागतो, आणि वय वाढलेल्या कॅप्टनला त्यासाठी जरा जास्तच वेळ लागतो. नेमके हेच क्षण महागाचे असतात.

हेड-अप डिस्प्ले आला तो या ओढाताणीवर उपाय म्हणून. वैमानिक त्याला सरळ ‘हड’ म्हणतात.

[दृश्य: छतातून खाली उतरणारी काच. तिच्यावर हिरव्या रेषा उमटतात.]

डोळ्यांपासून वीत-दीड वीत अंतरावर एक पारदर्शक काच. वैमानिकाच्या डोक्यावर, छताला प्रोजेक्टर. प्रोजेक्टरमधून हिरवा प्रकाश काचेवर पडतो आणि काच तो वैमानिकाच्या डोळ्यांकडे परतवते. काचेवर खास लेप असतो. तो फक्त त्या विशिष्ट हिरव्या छटेचा प्रकाश परतवतो, बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. त्यामुळे बाहेरचं जग जवळपास जसंच्या तसं दिसतं. दिवसाच्या उजेडात आपला डोळा सर्वात संवेदनशील असतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला, म्हणजे हिरव्यालाच.

पण खरी करामत भिंगांची आहे. ती प्रकाशकिरण असे समांतर करून पाठवतात, की काचेवरची चिन्हं काचेवर दिसतच नाहीत. ती दूर, क्षितिजापाशी असल्यासारखी दिसतात. काच एवढी जवळ असूनही डोळा फोकस दूरवर ठेवून आकडे वाचतो आणि त्याच नजरेत धावपट्टीही शोधतो.

यात एक अट आहे. डोळे योग्य जागी हवेत. हे चित्र दिसतं ते काही सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या एका अदृश्य चौकटीतूनच. डोकं तिच्याबाहेर गेलं की चिन्हं कडेनं कापली जातात. एअरबसच्या कॉकपिटमध्ये दोन्ही काचांच्या मधल्या खांबावर छोटे लाल-पांढरे गोळे बसवलेले असतात. वैमानिक खुर्ची वर-खाली, मागे-पुढे करत राहतो. लाल गोळ्याआड पांढरा गोळा झाकला गेला, की डोळे बरोबर जागी आले. हे गोळे हडच्याही आधीपासून आहेत, पण हड वापरणाऱ्याला ही शिस्त पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. लढाऊ विमानं, बंदुकीची दुर्बीण.]

या कल्पनेचं मूळ युद्धात आहे. दुर्बिणी बनवणारे डब्लिनचे हॉवर्ड ग्रब यांनी 1900 मध्ये बंदुकीसाठी नेम धरायचं असं साधन तयार केलं, की त्यातली खूण दूरच्या लक्ष्यावरच टेकल्यासारखी दिसे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांत अशीच साधनं होती. पुढे 1958 मध्ये ब्रिटनच्या ब्लॅकबर्न बकेनियर या विमानाचं पहिलं उड्डाण झालं. हे बॉम्बफेकी विमान समुद्राला लगटून उडायचं होतं, तिथे मान खाली घालायची सोयच नव्हती. त्यात हड आला. भारतात तेजस या लढाऊ विमानाचा हड चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेनं विकसित केला.

नेम धरायची ही काच प्रवासी विमानाच्या कामाची करण्यात फ्रान्सचे चाचणी वैमानिक गिल्बर्ट क्लॉपस्टाइन यांचा वाटा मोठा. पॅनलवरचे आकडे काचेवर नुसते चढवले तर फारसं काही साधत नाही. चिन्हं बाहेरच्या जगाशी जुळली पाहिजेत. काचेवरची क्षितिजरेषा खऱ्या क्षितिजावर बसली पाहिजे, आणि काचेवरची धावपट्टी खऱ्या धावपट्टीवर.

[दृश्य: हडचं चित्र जवळून. मध्ये पंख असलेलं छोटं वर्तुळ.]

आता हे छोटं वर्तुळ नीट पाहा. दोन्ही बाजूंना दोन रेघा, वर एक शेपटी. माझ्या मते हडचा सगळा जीव या वर्तुळात आहे.

विमानाचं नाक एकीकडे असतं आणि विमान जातं दुसरीकडे, हे प्रवाशांना सहसा जाणवत नाही. मुंबईचं उदाहरण घेऊ. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, आणि 27 क्रमांकाची मुख्य धावपट्टी पश्चिमेला तोंड करून आहे. समजा वारा 25 नॉटचा आहे. मग विमानाला नाक सुमारे सात अंश डावीकडे, वाऱ्यात रोखून धरावं लागतं, तेव्हा कुठे ते धावपट्टीच्या रेषेत राहतं. पूर आलेल्या नदीत नावाडी नावेचं तोंड वरच्या अंगाला धरतो, तसंच. हीच गत उभ्या दिशेत. उतरताना नाक बहुतेक वेळा क्षितिजाच्या किंचित वर असतं आणि विमान खाली तीन अंशांच्या उतारानं चाललेलं असतं.

पॅनलवरची उपकरणं नाक कुठे आहे ते सांगतात, वेग किती, उंची किती ते सांगतात. त्यावरून विमान कुठे निघालंय याचा हिशेब वैमानिकानं डोक्यात करायचा. हे वर्तुळ तो हिशेब करून देतं. विमानातल्या जडत्वमापक यंत्रणेला प्रत्येक क्षणाची गती आणि दिशा कळते. त्यावरून संगणक वर्तुळाची जागा ठरवतो. आत्ता आहे तसंच चालू राहिलं तर विमान जिथे पोचेल, तिथे वर्तुळ. ते धावपट्टीच्या टेकण्याच्या जागेवर ठेवा, विमान तिथेच जाईल. वर्तुळ धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडलेलं दिसलं, तर विमान शेतात चाललंय. रात्रीच्या अंधारात, जिथे आजूबाजूला एकही दिवा नाही आणि उंचीचा अंदाज डोळ्याला हमखास फसवतो, तिथे याची किंमत कळते.

[दृश्य: 1960 आणि 80 च्या दशकांतली प्रवासी विमानं.]

एवढी उपयोगी गोष्ट प्रवासी विमानांत यायला उशीर का झाला? कारण उद्योगानं दुसरी वाट धरली होती. 10 जून 1965 रोजी ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडंट विमान हीथ्रोला प्रवाशांसह आपोआप टेकलं. तेव्हापासून धुक्याला उत्तर म्हणजे ऑटोपायलट, असं समीकरण झालं. मोठ्या विमानांना ते परवडतं. पण आपोआप उतरण्यासाठी एकापेक्षा जास्त ऑटोपायलट एकमेकांवर लक्ष ठेवत चालावे लागतात. जुन्या आणि लहान विमानांत ते नंतर बसवणं अवघड.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर धुकं काही कमी नाही. सिएटलच्या अलास्का एअरलाइन्सनं हड आधारित मार्गदर्शन प्रणाली घेतली. 1989 मध्ये धुक्यात प्रवाशांसह विमान उतरवायला ती वापरणारी ही जगातली पहिली कंपनी ठरली. अशा उतरण्यात यंत्र वाट दाखवतं, विमान मात्र माणूस हातानं उतरवतो. मला ही पद्धत मनापासून पटते. धुक्यात आयत्या वेळी काही बिघडलं, तर कॅप्टनचे हात आधीपासूनच सुकाणूवर असतात.

[दृश्य: सिम्युलेटर. 737 चा हड.]

बोईंग 737 मधली पद्धत अशी. निर्णयाची उंची 200 नाही, फक्त 50 फूट. कॅप्टन काचेतून बघत छोटा मार्गदर्शक ठिपका वर्तुळात धरून ठेवतो. बहुतेक 737 मध्ये हड त्याच्याच बाजूला असतो, म्हणून सहवैमानिक पॅनलवर लक्ष ठेवतो. हडचा संगणक स्वतःच सगळं तपासत असतो. काही जुळेनासं झालं तर इशारा येतो, आणि इशारा आला की उतरणं रद्द. सगळं ठीक असेल तर जमिनीजवळ नाक उचलायची खूण दिसते. शेवटच्या काही फुटांत इंजिनांचा जोर काढायची सूचना येते, आणि चाकं टेकतात.

बोईंग 787 मध्ये दोन्ही वैमानिकांसमोर हड कंपनीकडूनच बसवून येतो. सप्टेंबर 2012 मध्ये एअर इंडियाला पहिलं 787 मिळालं, त्यातही दोन हड होते.

[दृश्य: काळा पडदा. मग धावपट्टी, तिच्यावर दुसरं विमान.]

आता दुसरी बाजू. 1980 मध्ये नासाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनुभवी वैमानिक सिम्युलेटरमध्ये हड वापरून उतरत होते. त्यांना न सांगता धावपट्टीवर आडवं एक विमान उभं केलं. काहींना ते दिसलंच नाही. विमान नजरेसमोर होतं, काच पारदर्शक होती, डोळे बाहेरच होते. लक्ष मात्र हिरव्या चिन्हांना चिकटलेलं.

ही सर्वात गंभीर अडचण आहे, आणि ती प्रकाशशास्त्रानं सुटत नाही. डोळा दोन गोष्टी एकाच फोकसमध्ये बघू शकतो, पण मन दोन्हींकडे सारखं लक्ष देईलच असं नाही. खऱ्या धावपट्टीवर बसणारी चिन्हं लक्ष कमी खेचतात, तरंगते आकडे जास्त. म्हणून जमीन जवळ आल्यावर बरीच चिन्हं आपोआप गळतात. उजेड कमी-जास्त करायचं बटण असतं. धावपट्टी दिसली की चिन्हं मंद करा, म्हणजे त्यांच्या पलीकडचं दिसेल, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा शिकवावं लागतं.

[दृश्य: विमानाच्या नाकावरचा कॅमेरा. काचेवर हिरवं चित्र.]

पुढची पायरी कॅमेऱ्याची. 2001 मध्ये गल्फस्ट्रीम 5 या विमानाला इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं चित्र हडवर दाखवायची मान्यता मिळाली. फेडएक्सनं मालवाहू विमानांत तेच आणलं. धावपट्टीचे जुने दिवे तापतात, ती उष्णता कॅमेऱ्याला डोळ्याच्या आधी दिसते. पण विमानतळांवर एलईडी दिवे आले. त्यांचा प्रकाश डोळ्याला लख्ख, उष्णता जवळजवळ नाही. कॅमेऱ्याला ते दिसेनात. म्हणून नव्या कॅमेऱ्यांत साध्या प्रकाशाचे सेन्सरही असतात आणि दोन्ही चित्रं एकत्र करून काचेवर येतात. दाट धुक्यातले पाण्याचे थेंब मात्र इन्फ्रारेड किरणांनाही अडवतात. त्यासाठी मिलिमीटर लहरींच्या रडारचे प्रयोग 1990 च्या दशकापासून झालेत, पण प्रवासी विमानांत ते अजून रुळलेलं नाही.