पोस्टर निघालं बंगळूरला

(दृश्य : मिरज स्थानक, संध्याकाळ)

पाठीला सॅक, खांद्यावर करड्या रंगाचा पाइप. शिवाजी विद्यापीठातली ही संशोधक विद्यार्थिनी बंगळूरच्या परिषदेला निघाली आहे. नळाच्या सामानाच्या दुकानातला ७५ मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप ९० सेंमीवर कापून घेतला, दोन्ही टोकांना झाकणं बसवली. आत पोस्टर आहे, म्हणजे परिषदेत फळ्यावर लावून आपलं संशोधन समजावायचा मोठा छापील कागद. विषय : टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थराचा वायुसंवेदक, म्हणजे हवेतला वायू ओळखणारं साधन. तीन वर्षांचं काम. रेल्वेत पाइप वरच्या बर्थवर उशाशी राहतो. विमानात अडतो, कारण केबिनमधल्या सामानाला साधारण ५५ सेंमीची मर्यादा असते.

(दृश्य : कोल्हापूर, छपाईचं दुकान, आदला दिवस)

ए-झीरो आकार, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिमी. प्लॉटरचं हेड सरकतंय, आलेख उमटतोय. घोटाळा होतो तो इथेच. स्क्रीनशॉट पडद्यावर छान दिसतो. पण ६०० पिक्सेलचं चित्र कागदावर ३० सेंमी पसरलं की इंचाला जेमतेम ५० ठिपके उरतात आणि अक्षावरचे आकडे पुसट होतात. म्हणून आलेख व्हेक्टर स्वरूपात काढायचा, म्हणजे कितीही मोठा केला तरी रेषा स्पष्ट राहतात. फाइल पीडीएफच न्यायची, फॉन्ट आत बसवून; नाहीतर अंश सेल्सिअसच्या जागी चौकोन छापला जातो. त्याआधी ए-फोरवर एक प्रत काढायची. त्यावर २४ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटचं होतं. ते हातभर अंतरावरून वाचता आलं, तर मोठं पोस्टर दोन मीटरवरून वाचता येईल.

कागद मॅट घ्यावा. फ्लेक्सवर दिवे चमकतात. गुंडाळताना छापील बाजू बाहेर ठेवायची, म्हणजे उलगडल्यावर कडा फळ्याकडे वळतात, बघणाऱ्याकडे नाही.

(दृश्य : भारतीय विज्ञान संस्था, पोस्टरचं दालन)

१९०९ साली स्थापन झालेली ही संस्था. फळा एक मीटर रुंद आहे. शेजारचं आडवं पोस्टर दोन्हीकडून साडेनऊ सेंमी बाहेर आलंय. सूचनापत्रातली एक ओळ वाचायची राहिली. हिचा मुख्य आलेख बरोबर डोळ्यांच्या उंचीवर आहे.

पोस्टर म्हणजे दुय्यम, ही समजूत चुकीची आहे. मंचावरच्या भाषणानंतर दोन-तीन प्रश्नांना वेळ मिळतो. इथे बघा, जाणकार माणूस आलेखावर बोट ठेवून विचारतोय, ‘दमट हवेत काय होतं?’ धातूच्या ऑक्साइडच्या संवेदकाला हा प्रश्न हमखास येतो, कारण पाण्याची वाफही थराचा विद्युत रोध बदलते. दोन मिनिटांत प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष सांगून झाले की पुढचा सगळा वेळ अशा विचारण्यासाठी मोकळा ठेवायचा. लहान शहरातल्या प्रयोगशाळेला असा परीक्षक घरबसल्या मिळत नाही.

परतल्यावर दमट हवेतली मोजमापं झाली, शोधनिबंधात एक आकृती वाढली.

(दृश्य : दालन रिकामं होतंय)

पिना काढताना खालच्या आधी, वरच्या शेवटी. कागद फाटत नाही.